छंदाचा रकाना

आपल्या भागात अनोळखी पोरगं दिसलं की पारावर बसलेल्या म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणाचा रे तू?" नाव नंतर. आधी बापाचं नाव, मग गाव, मग आडनाव. आणि आडनावावरून जे ओळखायचं ते न विचारताच ओळखलं जायचं. मामाचं गाव कळलं की परिचय पूर्ण. त्या सगळ्या परिचयात पोरानं स्वतः ठरवलेलं असं काहीच नसायचं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या 1986 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यासाठी परिचयाचे फॉर्म पाठवले गेले, ते तुम्हाला आठवत असतील. नाव, गाव, व्यवसाय, जोडीदार, मुलंबाळं, पत्ता असे नेहमीचे रकाने त्यात होते. शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून टाकावेत तसे आणखी दोन होते : 'छंद' आणि 'आवडतं मनोरंजन'. भरून आलेले फॉर्म वाचून या स्मरणिकेसाठी नीट लिहून काढायचं काम माझ्याकडं आलं. वरचे रकाने सगळ्यांनी भरले होते. कुणी नोकरीतल्या बढत्या तारखेसकट लिहिल्या, कुणी नातवाचं वजनसुद्धा लिहिलं. पण छंदाच्या रकान्यापाशी आलं की पेन अडखळलेलं दिसायचं. बऱ्याच जणांनी रेघ मारून सोडून दिलं होतं. बाकीच्यांनी 'वाचन, प्रवास' असं लिहिलं होतं, जे लग्नाच्या बायोडाटात सगळेच लिहितात. आपल्या वर्गातल्या मुलींचे, म्हणजे आता आज्या झालेल्या मैत्रिणींचे फॉर्म तर वेगळेच होते. एकीनं लिहिलं, 'नाही'. एकीनं, 'वेळ मिळाला नाही'. एकीनं प्रश्नालाच प्रश्न केला होता, 'म्हणजे काय?'

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. इतिहासाच्या माणसाला भरलेल्या रकान्याइतकाच कोरा रकानाही काहीतरी सांगत असतो. त्या मैत्रिणीचा 'म्हणजे काय?' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, म्हणून हा लेख. नाव आईबापांनी ठेवलं. गाव, जात, आडनाव जन्मानं आलं. धंदा-नोकरी बहुतेकांनी पोटासाठी पत्करली. अख्ख्या फॉर्ममध्ये 'हे मी माझ्या मनानं निवडलं' असं म्हणायची जागा एवढीच आहे. ती जागा आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला कधी मिळाली, कशी मिळाली, आणि कुणाला मिळालीच नाही, हे जरा पाहू.

चार शब्द

आधी शब्द पाहू. 'छंद' हा संस्कृत शब्द. त्याचा एक अर्थ मनाची इच्छा, दुसरा कवितेचं वृत्त. 'स्वच्छंद' या शब्दात पहिला अर्थ आहे, 'छंदशास्त्र' या शब्दात दुसरा. पण खरं सांगा, आपल्यापैकी कुणाच्या घरात हा शब्द बोलण्यात होता? तो शाळेच्या निबंधातला शब्द. 'माझा आवडता छंद' या विषयावर आपण सगळ्यांनी दहा ओळी लिहिल्या आणि त्यात तिकिटं गोळा करण्याबद्दल लिहिलं. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी परदेशी तिकीट लावलेलं पत्र येत होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

घरात बोलले जायचे ते शब्द वेगळे. पुरुषाला असायचा 'नाद' : भजनाचा, कुस्तीचा, बैलाचा, तमाशाचा. 'पोराला नाद लागला' हे वाक्य कौतुकानं क्वचितच म्हटलं जायचं. पैसेवाल्याला असायचा 'शौक'. हा शब्द अरबीतून उर्दूच्या वाटेनं आला, आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या जिल्ह्यात तो चांगला रुजला. बाईला असायची 'हौस', तीही लग्नात, सणात, डोहाळजेवणात. हौसेचं मूळ अरबीतल्या 'हवस'मध्ये आहे असं मानतात. हिंदी-उर्दूत हवस म्हणजे वासना, मराठीत मात्र तो शब्द असा निवळला की आपण म्हातारीच्या जरीकाठी लुगड्यालाही 'हौस' म्हणतो.

म्हणजे नाद पुरुषाचा, शौक श्रीमंताचा, हौस बाईची आणि छंद पुस्तकातला. मैत्रिणीनं 'म्हणजे काय?' असं विचारलं, त्यात तिचं काही चुकलं नाही.

पासोडी आणि जातं

आपल्या जिल्ह्यात स्वतःची ओळख स्वतः निवडण्याचं एक जुनं उदाहरण अंबाजोगाईला आहे. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. नारायणपेठच्या देशपांडे घराण्यात ते जन्मले. वतनदाराचा मुलगा म्हणजे परिचय आयता होता. तो सोडून ते दत्तभक्तीकडं वळले आणि अंबाजोगाईला स्थिरावले. गीतेवर त्यांनी 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, रागांत गायची पदं रचली, आणि कागद पुरेना म्हणून की काय, एका लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं. कापडावर लिहिलेला असा मराठी ग्रंथ दुर्मीळच. त्यांच्या रचनांत नाममुद्रा येते ती 'दिगंबरानुचर', म्हणजे दिगंबराच्या मागून चालणारा. 'देशपांडे' ही ओळख जन्मानं आलेली होती, 'दिगंबरानुचर' ही त्यांनी स्वतः घेतली. आजच्या फॉर्मच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी व्यवसायाचा रकाना खोडला आणि छंदाच्या रकान्यातलं उत्तर नावाच्या जागी लिहिलं.

पण दासोपंतांना पासोडी होती, बोरू होता आणि वेळ होता. बाकीच्यांचं काय? बायांकडं जातं होतं. पहाटे तीन-चारला उठून दोघी जात्याला बसायच्या. ज्वारी दळताना ओवी म्हटली जायची. ते मनोरंजन होतं का काम होतं, हे वेगळं करता येणार नाही. ओवीत भाऊ यायचा, माहेरचं गाव यायचं, पंढरीची वाट यायची, सासूवरचा रागही आडून यायचा. दिवसभरात तोंडातून न निघणारं जे काही होतं, ते अंधारात जात्याच्या घरघरीत निघायचं. ऐकणारं कुणी नाही म्हणूनच ते खरं असायचं.

मग गावात डिझेलची पिठाची गिरणी आली. बायांचे खांदे वाचले, पहाटेची झोप मिळाली. ते चांगलंच झालं, त्यात दुमत नको. पण गिरणीच्या पट्ट्याबरोबर ओवी फिरली नाही. जातं थांबलं तशी ती जागाही गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या नसत्या, तर त्यातलं फार थोडं उरलं असतं. त्या कामात 1996 साली आपल्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये ध्वनिमुद्रण झालं. तिथल्या बायांनी जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांना गायलं. ही साधी गोष्ट नाही. ज्यांना गावानं पिढ्यान् पिढ्या 'कुणाची गं तू?' विचारून उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्या बायांनी आपल्या आजीच्याच चालीत, आपल्याच जात्यावर, आपण कोण हे नव्यानं सांगितलं.

हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. गावातल्या करमणुकीतही कुणी करायची आणि कुणी पाहायची हे जन्मानंच ठरलेलं होतं. हलगी कुणी वाजवायची, गोंधळ कुणी घालायचा, दोरीवर कुणी चालायचं, फडावर कुणी नाचायचं, सगळं ठरलेलं. एकाची करमणूक हे दुसऱ्याचं लादलेलं काम होतं. लग्नात हलगी ऐकून आपण नाचलो. वाजवणाऱ्याला त्या तालाची आवड होती की नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळं छंदाचा इतिहास सांगताना आधी हे मान्य करायला हवं, की निवडण्याची मुभा सगळ्यांना एकाच वेळी मिळाली नाही.

निजामी अंमल : परवानगीनं करमणूक

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. आपल्या आजोबांच्या पिढीतली शिकलेली माणसं मोडीत हिशेब ठेवायची आणि उर्दूत अर्ज लिहायची. बीड शहरात शहेनशाह वलींच्या दर्ग्याचा उरूस, कव्वाली, पतंग, कबुतरं हे सगळं त्या काळानं दिलेलं, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे शौकीन होते.

पण त्या राज्यात चार माणसं एकत्र जमणं ही सरकारच्या नजरेत साधी गोष्ट नव्हती. सभा-संमेलनाला आधी परवानगी घ्यायला लावणारं 'गश्ती निशाण 53' हे फर्मान त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं. व्यायामाच्या आखाड्यांवरही नियम होते, खाजगी शाळांवरही. म्हणजे तालमीत जाऊन चार जोर मारणं, वाचनालय काढून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, गणपतीत मेळा बसवणं, ही नुसती हौस राहत नव्हती. मराठी वाचण्याची आवड असणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे हे सांगणं होतं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढं हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झाले. मराठवाड्यात शाळा, तालीम आणि वाचनालय यांतूनच लढ्याला माणसं मिळाली.

आपल्या गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना आपण पेपर वाचताना पाहिलं, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची. तेव्हा आपण हसायचो. त्यांनी तो छंद कोणत्या दिवसांत लावून घेतला होता, हे आता कळतं.

रेडिओ आणि 15 पैशांचं पोस्टकार्ड

माझे वडील तालुक्याच्या पोस्टात होते, त्यामुळं या भागाबद्दल मी थोडं जवळून सांगू शकतो. त्या काळी रेडिओ ठेवायला सरकारी लायसन्स लागायचं आणि त्याचं नूतनीकरण दरवर्षी पोस्टात व्हायचं. लहानसं पुस्तक, त्यात मालकाचं नाव आणि तिकिटं-शिक्के. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. वर्षाअखेरीला शेतकरी, शिंपी, हॉटेलवाले, गुरुजी खिडकीपुढं रांग लावायचे. आपल्या तालुक्यातल्या मनोरंजनाची ती एक प्रकारे नोंदवहीच होती. त्या पुस्तकांवर बाईचं नाव पाहिल्याचं मला आठवत नाही. रेडिओ घरचा असायचा, तो ऐकत भाकरी भाजणारी बाई असायची, पण लायसन्स घरधन्याच्या नावावर.

रेडिओनं एक मोठी गोष्ट केली. त्यानं ऐकणाऱ्याला निवड दिली. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. सिनेमासंगीत त्यांना पसंत नव्हतं, शास्त्रीय संगीताचा त्यांचा आग्रह. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या 3 डिसेंबरला अमीन सायानींचा 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवर सुरू झाला, आणि बुधवारची रात्र अनेक वर्षं त्यांच्या नावावर झाली. सरकारला 1957 मध्ये 'विविध भारती' काढावी लागली. आपल्याला काय आवडावं हे दिल्लीत ठरवता येत नाही, हे खेड्यातल्या माणसानंही एक बटण फिरवून सांगितलं होतं. मतपेटीनंतरचं हे दुसरं मतदानच.

आणि मग होती फर्माइश. मराठीत 'आपली आवड', हिंदीत विविध भारती. पोस्टकार्ड 15 पैशांचं. त्यावर गाण्याचं नाव, सिनेमाचं नाव, खाली आपलं नाव आणि गावाचं नाव. गाण्याआधी निवेदक नावांची यादी वाचायचा. हल्लीच्या भाषेत तो स्वतःचा परिचय करून देण्याचा सोहळाच होता : मी अमुक, अमुक गावचा, आणि मला हे गाणं आवडतं. बापाचं नाव नाही, जात नाही, मामाचं गाव नाही. बिहारमधलं, आता झारखंडमध्ये असलेलं झुमरी तलैया हे छोटं गाव सगळ्या देशाला माहीत झालं ते निव्वळ फर्माइशींच्या पोस्टकार्डांमुळं. आपल्या गावातल्या एका टेलरचं नाव एकदा रेडिओवर वाचलं गेलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानापुढं गर्दी होती. लोक त्याला नव्यानं पाहत होते. काल तो फक्त कपडे शिवायचा. आज तो एका गाण्याचा माणूस झाला होता.

आता त्या फॉर्मांकडं परत येतो. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं छंदाचा रकाना कोरा सोडला होता. मी फोन करून विचारलं, तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "गाणी ऐकायचा होता ना. मी आठवी ते दहावी कितीतरी पत्रं पाठवली रेडिओला. दोनदा गाणं लागलं." मी म्हणालो, तुझं नाव कधी ऐकल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, "माझं नाव कसं टाकणार? पोरीचं नाव रेडिओवर आलं असतं तर शाळा बंद झाली असती. पत्र भावाच्या नावानं टाकायचे. त्याला आजपर्यंत वाटतंय की कुणीतरी मित्रानं गंमत केली."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वडिलांच्या खिडकीतली ती लायसन्सची पुस्तकं आठवत बसलो. रेडिओ घरधन्याच्या नावावर, पत्र भावाच्या नावावर. गाणं मात्र तिचं. इतिहासात अशी किती गाणी दुसऱ्याच्या नावावर जमा आहेत, याचा हिशेब कुणी मांडावा?

जत्रा, तंबू आणि फड

वर्षातून एकदा जत्रा. ग्रामदैवताच्या पालखीनंतर दुसऱ्या दिवशी कुस्त्या, रात्री तमाशा नाहीतर तंबूतला सिनेमा. तंबूचा सिनेमा आपल्या पिढीनं शेवटचा पाहिला. ट्रकमधून आलेलं मशीन, जमिनीवर बसायचं, मध्ये दोरी बांधून बायका एकीकडं आणि पुरुष एकीकडं. रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. दादा कोंडके यांचा 1971 चा 'सोंगाड्या' आणि 1972 चा 'पिंजरा' आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावर यायच्या दिवशी नाही, तर पुढं दहा-बारा वर्षांनी जत्रेत पाहिले. म्हणून आपल्या आणि पुण्या-मुंबईच्या आठवणींची सालं कधी जुळत नाहीत.

कुस्तीचा फड मात्र पडद्यावरचा नव्हता. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग पाच रुपये, दहा रुपये, आणि दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती. हलगी घुमायला लागली की लंगोट नसलेलं पोरगंही चड्डीवर मातीत उतरायचं. हरलं तरी रेवडी मिळायची. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण घेतलं आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य, तेव्हा आपल्या जिल्ह्यात ज्यांनी कधीकाळी रेवडीवर कुस्ती खेळली होती त्या सगळ्यांना आपलाच कुणी जिंकल्यासारखं वाटलं. त्या फडात उतरलेल्या आपल्या वर्गमित्रांपैकी एकानंही छंदाच्या रकान्यात 'कुस्ती' लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "ते काय छंद होय? ते लहानपण होतं."

पोरींना फडाच्या कडेलाही जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला नागपंचमीचे फेर, झोके आणि भुलई. तेही लग्नाआधी आणि लग्नानंतर माहेरी आल्यावरच.

कोयत्याच्या हंगामात छंद कुठला?

आता सगळ्यात अवघड भाग. छंदाला आवड लागते हे खरं, पण त्याआधी वेळ लागतो. वेळ कुणाकडं होता?

आपल्या वर्गातली काही बाकं दिवाळीनंतर रिकामी व्हायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल द्यायचा, आणि बैलगाड्या नाहीतर ट्रक भरून माणसं साखरपट्ट्यात निघायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावानं. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत. आपल्या जिल्ह्याइतकी माणसं ऊसतोडीला पाठवणारा दुसरा जिल्हा राज्यात नाही. आपल्यातलेही काहीजण आईबापांबरोबर जात होते आणि होळीनंतर वर्गात परत येत होते, तेव्हा धडे बरेच पुढं गेलेले असायचे. त्यातल्या एकानं फॉर्मवर लिहिलंय, 'आवडतं मनोरंजन : झोप'. काहींना तो विनोद वाटेल. मला त्याहून खरं उत्तर एकाही फॉर्ममध्ये सापडलं नाही.

तरी कोपीतही गाणं होतंच. गाडी भरून कारखान्यावर रांगेत लावल्यावर रात्र रात्र नंबर यायचा नाही, तेव्हा बैलांच्या शेजारी भजन सुरू व्हायचं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या आया सांगायच्या की सुकडी आणि उन्हाबरोबर तिथं गाणीही होती. कष्टाच्या जागीच करमणूक शोधणं हा आपल्या जिल्ह्याचा जुना गुण आहे. त्याचं मी कौतुक करतो, पण ती गरिबीची शोभा म्हणून मिरवू नये एवढं नक्की.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज कित्येक किलोमीटर शाळेत चालत, पळत जायचा. गाडीची सोय नव्हती म्हणून. पुढं सैन्यात गेल्यावर त्या पायांना शर्यत सापडली. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्य मिळवलं, पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. शाळकरी वयात त्याला कुणी फॉर्म दिला असता तर त्यानंही कदाचित तो रकाना कोरा ठेवला असता. शाळेला पळत जाण्याला कोण छंद म्हणतो?

मला वाटतं आपली गफलत इथंच होते. तिकिटं, नाणी, फोटोग्राफी याला आपण छंद म्हणतो, आणि ज्यात आपला जीव खरोखर रमला त्याला 'ते काय, असंच' म्हणून सोडून देतो. बैलाच्या शिंगांना रंग लावताना जो माणूस तासभर हलायचा नाही, तो चित्रकार नव्हता, पण त्या तासाचा मालक तोच होता.

निवडलेलं आणि पुढं आलेलं

कॉलेजात दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना नाव आणि आवड सांगायला लावायचो. सुरुवातीच्या वर्षांत क्रिकेट, रामायण-महाभारत, सिनेमा अशी उत्तरं यायची. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी गावातल्या एखाद्या टीव्हीपुढं अर्धं गाव बसायचं. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. शेवटच्या काही वर्षांत बहुतेकांचं उत्तर एकच झालं : "मोबाइल, सर." मोबाइलवर काय, असं विचारलं की मुलं गोंधळायची. जे येईल ते, म्हणायची.

मला मोबाइलला नावं ठेवायची नाहीत. माझ्याही खिशात आहे, आणि जुनी गाणी आता त्यावरच ऐकतो. फरक एवढाच दिसतो. पोस्टकार्ड टाकायला 15 पैसे लागायचे, गाणं ठरवावं लागायचं, नाव लिहावं लागायचं, आणि मग महिनोन् महिने वाट पाहावी लागायची. आता गाणं आपोआप पुढं येतं. आवड सांगावीच लागत नाही, ती कुठंतरी परस्पर मोजली जाते. त्या म्हाताऱ्याला आपण कुणाचे हे आडनावावरून कळायचं, मोबाइलला ते आपल्या बोटावरून कळतं. दोन्हीकडं आपल्याला विचारलेलं नसतंच. म्हणून नातवंडांना एवढं तरी शिकवावं, की 'मला काय आवडतं' याचं उत्तर आपण स्वतः द्यायचं असतं.

एक विनंती

संपादक मंडळाशी बोलून एक ठरवलं आहे. पुढच्या पानांवर सगळ्यांचे परिचय छापले आहेत. ज्यांचा छंदाचा रकाना कोरा होता, तो आम्ही 'वाचन, प्रवास' लिहून भरलेला नाही, गाळलेलाही नाही. रकान्याचं नाव छापून पुढं ओळ मोकळी ठेवली आहे. मेळाव्याच्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या हातानं ती भरावी. कुस्ती, झोप, जात्यावरची ओवी, बैलाची शिंगं, चोरून पाहिलेला तमाशा, काहीही चालेल. 'नाही' असं लिहिलेलं मात्र मी मान्य करणार नाही, हे गुरुजीपणानं सांगतो.

माझ्या परिचयात छंदाच्या जागी 'रेडिओ' लिहिलं आहे, आणि मनोरंजनाच्या जागीही तेच. नाव, गाव, व्यवसाय वर आहेच.

आणि त्या मैत्रिणीचं. तिनं परवानगी दिली, फक्त नाव न टाकता लिही म्हणाली. म्हणून या लेखात तिचं नाव नाही. पण परिचयाच्या पानांवर तिच्या नावापुढची ओळ तिनं परवाच स्वतः भरून पाठवली, ती तशीच छापली आहे. त्यात गाणं आहे, सिनेमाचं नाव आहे, आपल्या गावाचं नाव आहे, आणि या वेळी भावाचं नाही, तिचंच नाव आहे. ते पान तुम्हीच शोधा.